आगीचा विमा आणि झाडीतील शेजार

वैनगंगेच्या पश्चिमेकडील ब्रह्मपुरीचा मुलूख हा धानाचा मुलूख आहे. पूर्वीच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याचा हा ईशान्येकडील भाग. एका अंगाला जुने मालगुजारी तलाव आणि त्यांच्याखालच्या बांध्या, तर दुसऱ्या अंगाला साग, मोह, तेंदू आणि बांबू ह्यांचे रान, अशी त्याची ठेवण आहे. रान आणि शेत ह्यांमध्ये कुंपण असे नाहीच. कार्तिक-मार्गशीर्षात धानाची कापणी होते, कडपा उन्हात वाळतात, मग त्यांचे भारे बांधून शेतकरी बांधीतच किंवा खळ्यावर उंच रास रचतो. ह्या राशीला झाडीत ‘पुंजणे’ म्हणतात. वर्षभराची मेहनत, सावकाराचे अगर सोसायटीचे देणे, मुलीच्या लग्नाचा बेत आणि बैलांचा चारा हे सारे काही आठवडे त्या एका राशीत साठवलेले असते. धान चुरण्याची पाळी येईपर्यंत शेतकऱ्याचा जीव त्या पुंजण्यापाशी घोटाळत राहतो.

असे पुंजणे पेटले तर ते विझविता येत नाही. तणीस कोरडी, वारा मोकळा आणि पाणी दूर. बिडीचे थोटूक, विजेच्या तारेची ठिणगी किंवा कोणा वैऱ्याचा हात, कारण काहीही असो, दोन घटकांत राखेचा ढीग उरतो. हिवाळ्यात ही भीती शेतात असते. उन्हाळा लागला म्हणजे ती रानात जाते. शिशिरात पानगळ होते, फाल्गुन-चैत्रात मोहफुले टपकू लागतात, ती वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितात, आणि तो विस्तव विझविण्याचे राहून गेले की वणवा सुटतो. तेंदूला कोवळा फुटवा यावा ह्या हिशेबाने मुद्दाम लावलेल्या आगीही असतात. महाराष्ट्राचा वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हे चार महिने वणव्याचा हंगाम मानतो, आणि राज्यातील वणव्यांच्या नोंदींत पलीकडच्या गडचिरोली जिल्ह्याचा क्रमांक नेहमी वरचा लागतो. रानाच्या कडेचा वाडा, गोठा, कुंपण, सरपणाची गंजी ह्यांना त्या चार महिन्यांत सुख नसते.

आग कशी लागते ह्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. आग विझल्यानंतर काय होते, जळालेले भरून कोण देते, आणि देण्याचे नाकारताना कोणत्या शब्दांत नाकारतो, हा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. तो सांगावयाचा तर प्रथम विमा ह्या संस्थेच्या जन्माकडे वळणे भाग आहे. कारण ज्याला आज विमा म्हणतात तो कंपनीच्या कचेरीत नव्हे, शेजाऱ्याच्या अंगणात जन्मास आला.

युरोपच्या उत्तरेस श्लेस्विग-होल्स्टाइन म्हणून प्रांत आहे. तेथील खेड्यांत सोळाव्या शतकापासून ‘अग्निसंघ’ चालत. गवताने शाकारलेली घरे, वर समुद्रावरचा वारा. एखाद्याचे घर जळाले म्हणजे संघातील प्रत्येक घराने ठरलेले लाकूड, ठरलेले गवत आणि ठरलेल्या दिवसांचे श्रम द्यावयाचे, असा करार असे. पुढे त्या जिनसांची जागा नाण्यांनी घेतली. १६७६ साली हॅम्बुर्ग शहराने अशा अनेक लहान संघांचे एकत्रीकरण करून नगराची अग्निपेढी काढली. त्यापूर्वी दहा वर्षे, १६६६ मध्ये, लंडन जळाले होते. तेरा हजारांहून अधिक घरे गेली, आणि त्या राखेतून १६८० च्या सुमारास निकोलस बार्बन ह्या घरबांधणीच्या व्यापाऱ्याने आगीच्या विम्याची कचेरी उघडली. होल्स्टाइनचा शेजारी जळिताला घर बांधून देत होता. बार्बन कराराप्रमाणे देऊ लागला. करार आला की त्याच्या पोटात अपवाद आले, आणि अपवादांची ही यादी पुढे देशोदेशी पसरली. ती झाडीत पोहोचावयास फार काळ लागला. तिच्या आधी तेथे पोहोचला तो जंगलचा कायदा.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. त्या नव्या प्रांताच्या जंगलांची व्यवस्था कर्नल पिअरसन ह्यांच्याकडे आली. होशंगाबाद जिल्ह्यातील बोरीच्या रानात त्यांनी १८६० नंतरच्या दशकात वणव्यापासून जंगल राखण्याचा जो प्रयोग केला, तो हिंदुस्थानातील अशा प्रकारचा पहिला यशस्वी प्रयोग म्हणून वनखात्याच्या इतिहासात नोंदलेला आहे. जंगलाचे भाग पाडावयाचे, त्यांच्यामध्ये रुंद पट्टा साफ करून तो आधीच जाळून घ्यावयाचा, म्हणजे पुढे येणारी आग त्या रिकाम्या पट्ट्यावर अडते. ह्यालाच ‘जाळरेषा’ म्हणतात, आणि चांद्याच्या जंगलांत ती आजही दर वर्षी काढली जाते. युक्ती उत्तम होती. पण तिच्यामागे जो कायदा उभा राहिला त्याची घडण पाहण्यासारखी आहे.

१८६५ आणि १८७८ चे कायदे मागे पडून १९२७ चा भारतीय वन कायदा आला. त्याचे ७९ वे कलम सांगते की जंगलात ज्याला काही हक्क आहे, किंवा तेथून काही नेण्याची परवानगी आहे, अशा प्रत्येकाने तेथे आग लागल्याचे कळताच ती विझविण्यास धावले पाहिजे. न धावणाऱ्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. २६ वे कलम राखीव जंगलात आग लावणाऱ्यास शिक्षा सांगतेच, पण त्यावर थांबत नाही. आग बुद्धिपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर त्या जंगलातील चराईचे व वनोपजाचे सर्वांचे हक्क सरकारला वाटेल तितका काळ तहकूब करता येतात. म्हणजे एकाच्या हातून आग आणि साऱ्या गावाची गुरे उपाशी. ह्याच कलमात ‘नुकसानभरपाई’ हा शब्दही येतो. परंतु ती भरपाई आरोपीने जंगलाच्या हानीबद्दल भरावयाची असते. जंगलातून आलेल्या आगीने गावाची हानी झाली तर तिचे काय, ह्याविषयी हे कलम चकार शब्द काढीत नाही. गावाने सरकारची आग विझवावी हे कर्तव्य झाले. सरकारच्या रानातील आग गावात शिरली तर ते गावाचे नशीब.

ह्यावर कोणी म्हणेल की परक्या सरकारकडून दुसरी अपेक्षा ती काय करावयाची. परंतु त्याच सरकारने, त्याच दशकांत, दुसऱ्या एका आगीच्या बाबतीत अगदी निराळी वागणूक केली, आणि ती आग महाराष्ट्राच्या राजधानीतील होती. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि त्याच्याच जोडीला हजारो गाठी कापूस भरलेला होता. दुपारी जहाजात आग दिसली, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. त्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर नोंदला गेला. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामावर असताना मेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर आजही पाळला जातो. गोदीलगतच्या वस्त्या आणि वखारी जळाल्या. बेघर झालेल्यांची संख्या ८०,००० च्या घरात सांगितली जाते.

आता विम्याचा प्रश्न आला. त्या काळच्या सर्वसाधारण अग्निविम्याच्या करारात स्फोटामुळे होणारी हानी वगळलेली असे. मुंबईचे व्यापारी हप्ते भरून बसले होते, पण आगीला कारण स्फोट, आणि स्फोट तर अपवादात. कंपन्यांनी कराराच्या अक्षरावर बोट ठेवले असते तर हजारो पेढ्या बुडाल्या असत्या. कोर्टांत हे वाद वर्षानुवर्षे चालले असते. तसे होऊ द्यावयाचे नाही असे सरकारने ठरविले. जबाबदारी स्वतःकडे घेऊन त्याच वर्षी मुंबई स्फोट नुकसानभरपाईचा वटहुकूम काढण्यात आला आणि मालमत्तेच्या हानीबद्दल भरपाई दिली गेली. युद्ध चालू होते, माल लष्कराचा होता, बंदर थांबून चालणार नव्हते आणि मागणारे लोक संघटित, सुशिक्षित व वजनदार होते. ह्या कारणांनी ह्या कृतीचे मोल कमी होते असे नाही. त्यावरून एवढे मात्र सिद्ध होते की अपवादाचे कलम ही काही दगडावरची रेघ नव्हे. ओलांडावयाची इच्छा असली तर एका वटहुकमाने ती ओलांडता येते.

स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचा धंदा राष्ट्राच्या मालकीचा झाला. शंभरांहून अधिक कंपन्या मिळून चार झाल्या. अपवाद मात्र एक झाला नाही. २००१ च्या अखिल भारतीय अग्नि-दरपत्रकात विमापत्राचा जो नमुना होता त्याने संरक्षण दिलेल्या संकटांची एक यादी दिली आहे. तिच्यात वीज आहे, स्फोट आहे, पूर आहे, दंगल आहे, विमान कोसळणेही आहे. यादीच्या शेवटी झुडपी रानाच्या आगीचा उल्लेख येतो, आणि लगेच पुढे, जंगलाच्या आगीने झालेली हानी वगळून, असे म्हटलेले आहे. जंगलाच्या आगीचे संरक्षण हवे असेल तर वेगळा हप्ता. मुंबईत किंवा पुण्यात बसून वाचणाऱ्यास ह्या भेदाचे विशेष वाटणार नाही. विदर्भात तो वाचताना हसू आल्याशिवाय राहत नाही. तेथे ‘झुडपी जंगल’ ही महसुली दप्तरातली जुनी नोंद आहे, आणि ती जमीन झुडूप समजावी की जंगल, ह्या एकाच प्रश्नावर सरकारी खाती पिढ्यान्‌पिढ्या भांडत आली. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे जंगलच होय असा निर्णय दिला. ज्या प्रश्नाचा उलगडा होण्यास सर्वोच्च न्यायालय लागले, तो विमाकंपनीच्या पाहणीदाराने राखेकडे पाहून उभ्याउभ्या सोडवावा अशी ही योजना होती. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी जे ‘भारत गृह रक्षा’ विमापत्र सर्व कंपन्यांना विकणे आवश्यक झाले, त्यात झुडपी रान आणि जंगल ह्या दोहोंची आग समाविष्ट झाली, ही सुधारणा खरीच. पण घराचा विमा उतरविण्याची रूढी शहरातही बेताचीच. कवेलूच्या छपराखाली आणि बांबूच्या कुडांमध्ये राहणाऱ्याकडे ती कोठून असणार?

घराचा विमा नसला तरी पिकाचा असतो, असे उत्तर ह्यावर मिळेल. ते अर्धेच खरे आहे. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना सुरू झाली. खरिपाच्या धान्यपिकासाठी शेतकऱ्याचा वाटा विमा रकमेच्या दोन टक्के, बाकीचा हप्ता सरकारचा. २०२० पर्यंत कर्जदार शेतकऱ्याला ती सक्तीची होती. बँक कर्जाच्या रकमेतून हप्ता परस्पर कापून घेई, त्यामुळे आपण कोणत्या संकटापासून सुरक्षित आहोत आणि कोणत्या नाही हे ठाऊक नसलेले विमेदार गावोगाव तयार झाले. योजनेने संरक्षण दिले ते उभ्या पिकाला. नैसर्गिक आग त्यात आहे, वीज पडणेही आहे. कापणीनंतर शेतात पसरून वाळत घातलेल्या पिकालाही चौदा दिवसांपर्यंत संरक्षण आहे, पण ते वादळ, अवकाळी पाऊस अशा संकटांपासून. आणि २०१६ च्या मार्गदर्शक नियमांतील अपवादांच्या यादीत, कापणीनंतरच्या नुकसानीसंबंधी, मळणीपूर्वी भारे बांधून एके ठिकाणी रास घातलेले पीक, असे शब्द होते.

हे शब्द लिहिणाऱ्याने ब्रह्मपुरीचे नाव कदाचित ऐकलेही नसेल. परंतु पुंजण्याची ह्याहून नेमकी व्याख्या कोणा झाडीच्या शेतकऱ्यालाही करता आली नसती. जे जळते तेच वगळले. शिवाय त्याच यादीत द्वेषाने केलेली हानी आणि टाळता येण्याजोगी संकटे हीही आहेत. म्हणजे वैऱ्याने लावलेली आग एका शब्दाने गेली आणि हयगयीने लागलेली दुसऱ्याने. अशा वेळी बहात्तर तासांत सूचना देण्याचा नियम पाळूनही हाती येते ते नकाराचे पत्र. ते पत्र वाचून दाखविण्यासाठी ज्याच्याकडे जावयाचे, तो शिक्षक, पुतण्या किंवा सोसायटीचा सचिव, त्यालाही ‘रास’ आणि ‘पसरण’ ह्यांत फरक का करावा हे समजावून सांगता येत नाही.

सरकारी मदतीचा मार्ग निराळा. आपत्तीच्या यादीत आग आहे, तलाठी पंचनामा करतो आणि ठरलेल्या दराने रक्कम येते. २०२२ ते २०२६ ह्या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या दरांत सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घरास १,२०,००० रुपये आणि झोपडीस ८,००० रुपये होते. आठ हजारांत नवे छप्पर होत नाही हे उघड आहे. त्याहून अवघड गोष्ट अशी की पंचनामा होतो तो नोंदलेल्या वस्तूंचा. मोहफुलांचे पीक कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेले नसते. जळालेले सरपण, डिंक, चारोळी, कुंपणाचा बांबू ह्यांना दप्तरात रकाना नाही. जे दप्तरात जन्मलेच नाही त्याचा मृत्यू तरी कसा नोंदवावा?

नकाराच्या पत्रापुढे एकटा माणूस हतबल होतो, हे झाडीपुरते नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा उतरला. २५ माणसे मेली आणि तीन हजारांवर घरे गेली. ते लोक सधन होते, विमा उतरविलेले होते, आणि तरीही पॉलिसीतील रकमेत घर पुन्हा उभे राहत नाही हा शोध पुष्कळांना राखेवर उभे असताना लागला. तेव्हा शेजारी एकत्र बसले आणि आपापली विमापत्रे एकमेकांजवळ ठेवून वाचू लागले. कोणाला काय मिळाले, कोणते उत्तर देऊन काय नाकारले, हे एकाने दुसऱ्याला सांगावयाचे. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या अर्जात उपयोगी पडावयाचे. ‘युनायटेड पॉलिसीहोल्डर्स’ ही विमेदारांची संस्था त्याच वर्षी निघाली आणि पुढच्या प्रत्येक वणव्यानंतर जळीतग्रस्तांना जुने जळीतग्रस्त भेटविण्याचे काम ती करीत आली. होल्स्टाइनच्या शेतकऱ्यांनी लाकूड आणि गवत देऊन जे केले तेच ह्यांनी अनुभव देऊन केले. विम्याचा धंदा तीन शतके हिंडून पुन्हा शेजाऱ्याच्या दारी आला, असे म्हणावयास हरकत नाही.

झाडीत शेजारी कधी दूर गेलाच नव्हता. पुंजणे जळालेल्या घरी चार बांध्यांचे शेजारी पायली-कुडवाने धान पोचवितात, बैलांसाठी तणसाचे भारे टाकतात, पुढच्या पावसाळ्यासाठी बियाणे राखून ठेवतात. घर जळाले तर कोणी बांबू देतो, कोणी कवेलू, आणि छप्पर चढविण्याचे श्रम गावाचे. ह्या देण्याला कागद नाही. परतफेड असते ती आपल्यावर पाळी आली म्हणजे. ह्या व्यवहाराला रानाची जोड असे. पूर्व विदर्भात गावकऱ्यांचे चराई, सरपण, बांबू आणि इमारती लाकूड ह्यांविषयीचे निस्तार हक्क मालगुजारीच्या काळापासून कागदावर आहेत, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही १६१ व्या कलमात निस्तारपत्रकाला जागा दिली. जळालेल्या घराला लागणारा बांबू ज्या रानातून यावयाचा ते रान जवळ असणे, हाच गरीबाचा विमा होता. रान खात्याच्या ताब्यात गेले, निस्तार आगाराच्या रांगेत उभा राहिला आणि तो विमा पातळ होत गेला. शेजाऱ्याची इच्छा शिल्लक राहिली, त्याच्या हाती देण्यासारखे उरेना. ह्या प्रेमळ व्यवहाराचे गोडवे गाणाऱ्यांनी ही बाजू विसरता कामा नये. साऱ्या गावाचे पुंजणे एकदम ओले झाले किंवा वणवा तीन गावांतून गेला, तर शेजाऱ्याच्या कणगीतही काही नसते.

रान परत मिळावयास २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. वैनगंगेच्या पलीकडे, धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा ह्या गोंड गावाला २००९ मध्ये १,८०९.६१ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांपैकी ते एक होय. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्या नावांशी ह्या गावाचा इतिहास जोडलेला आहे. सर्वांचे एकमत झाल्याशिवाय निर्णय घ्यावयाचा नाही, आणि मजुरीतील ठराविक हिस्सा गावाच्या कोषात टाकावयाचा, ह्या रीती तेथे हक्क मिळण्यापूर्वीपासूनच्या. गावकोष म्हणजे हप्ता भरलेला विमा. फरक इतकाच की येथे अपवादाची यादी कोणी छापलेली नाही. अडचण आलेला माणूस सभेत बसतो, आणि ‘रास’ व ‘पसरण’ ह्यांतला भेद त्याला कोणी विचारीत नाही.

ह्याहूनही विचार करण्याजोगे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावचे आहे. २०१२ मध्ये ह्या गावाला १,००६ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तेंदूची पाने ही उन्हाळ्यातील रोख पैशाची मोठी वाट, आणि हक्क हाती आल्यावर तो पैसा कंत्राटदाराऐवजी थेट गावाला मिळावयाचा. परंतु तेंदूच्या धंद्यात झाडांची छाटणी होते, आग लावली जाते, आणि त्या आगीत उद्याचे रान जाते. ग्रामसभेने बसून हिशेब केला आणि तेंदूपानांची तोडणी आपण करावयाची नाही असे ठरविले. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ ह्यांनी ह्या निर्णयाविषयी लिहिले आहे. गावाने तेंदूच्या जागी बांबूवर भिस्त ठेवली, आणि आपल्या रानाची राखण आपणच पाळीपाळीने सुरू केली.

ब्रह्मपुरी वनविभागात दर वर्षी १५ फेब्रुवारी जवळ आली म्हणजे जाळरेषांचे काम उरकण्याची घाई होते. आग कोठे लागली हे उपग्रहावरून टिपून भारतीय वन सर्वेक्षण संस्था आता खबर पाठविते, आणि ती खबर वनरक्षकाच्या हातातील यंत्रावर येते. तेथून पुढे हिरव्या पाल्याचे डहाळे घेऊन वणवा झोडपून काढावयास माणसेच लागतात, आणि ती रानालगतच्या गावांतून येतात. १९२७ च्या कायद्याचे ७९ वे कलम त्यांना आजही लागू आहे. त्यांच्या पुंजण्यांसाठी कलम अजून कोणी लिहिलेले नाही.